विजयमालाच्या खोलीतली लाईट

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा विजयमालाला वाटलं, आपलाच पाय वायरीत अडकला असेल. तिनं वाकून पाहिलं, तर पिन जागेवर होती. पुन्हा बटण दाबलं तसा तो सुरू झाला, पण सकाळपासूनचं टायपिंग पुसलं गेलं होतं. मग ते रोजचंच झालं. कधी घटकाभर चालायचा, कधी दुपारभर, आणि ध्यानीमनी नसताना पडदा काळाठिक्कर व्हायचा.

सांगलीच्या ज्योतिबांच्या छापखान्याचं टायपिंग ती उंब्रजला घरी बसून करायची. आजवर लग्नपत्रिका नि हँडबिलं केली. यंदा मात्र त्यांनी एका शाळेची जाडजूड स्मरणिका तिच्या हाती दिली होती. ही वेळेत झाली तर यापुढं पुस्तकं तुमच्याकडंच, असं ते म्हणाले होते. बारावी झाल्या झाल्या लग्न होऊन चुलीपुढं बसलेली बाई ती. आपल्या हातून पुस्तकं जाणार, याचं तिला किती अप्रूप होतं, हे तिनं कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं.

तिचा नवरा नाथाजी फौजेत वायरमन होता. पेन्शनीत आल्यापासून भावकीत कुणाचा दिवा लागेनासा झाला की हाक त्यालाच. तो टेस्टर घेऊन आला, बोर्ड उघडला, दोन स्क्रू घट्ट केले आणि म्हणाला, "बोर्ड ओके हाय. मशीन म्हातारं झालंय तुजं."

तिनं मोबाइलवर बघून बघून कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतली धूळ ब्रशनं झाडली. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं पुसली, पुन्हा बसवली. यूपीएस आणला, तर तोही थोडा वेळ कुईकुई करून मान टाकायला लागला. शेवटी तिनं डबा चादरीत गुंडाळला आणि कराडला एसटी बदलून सांगली गाठली. तो मांडीवर घेऊन तिला बसलेली बघून कंडक्टरनं, ह्याचं अर्धं तिकीट काढू का, असं विचारून सगळी गाडी हसवली. स्टँडपर्यंत तो डबा नाथाजीनंच खांद्यावरून आणून दिला होता.

सांगलीच्या दुकानात कॉम्प्युटर दिवसभर चालला. कारागिरानं तरीही आतला वीजपुरवठ्याचा भाग बदलून दिला. घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद. ती पुन्हा सांगलीला गेली. या वेळी कारागिरानं काही बदललंच नाही. दोष यात नाही, घरातली लाईन बघा, एवढंच सांगितलं. ते ऐकून नाथाजी बिघडला. फौजेत तोफांच्या गाड्यांचं वायरिंग केलेल्या माणसाला आता सांगलीचा पोरगा करंट शिकवणार का, असं बराच वेळ बोलत राहिला.

छापखान्याचा फोन आला. ज्योतिबा रागावले नाहीत, पण शाळेचा कार्यक्रम जवळ आल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं.

तेव्हा विजयमालानं कॉम्प्युटर उचलून शेजारच्या बनुबाईच्या सोप्यात नेऊन लावला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो घरी आणून सुरू केला आणि जे आजवर सुचलं नव्हतं ते केलं. थंडीचे दिवस, पंखा महिनाभर बंदच होता. तो लावला आणि खुर्चीवर पदर गुंडाळून बघत बसली. थोड्या वेळानं पंखा मंदावला. पाती मोजता येतील इतका मंदावला, आणि त्याच वेळी पडदा विझला. जरा वेळानं पंखा पुन्हा जोरात फिरू लागला.

ती उठून घरामागं गेली. तिच्याच खिडकीच्या कोपऱ्यातून एक काळी वायर बाहेर निघाली होती आणि वळचणीखालून पुढं गेली होती. क्लिपा एका रेषेत, सारख्या अंतरावर मारलेल्या. तो हात तिच्या ओळखीचा होता. वायरीमागं चालत ती हायवेच्या कडेला आली. तिथं दिवाळीपासून तिच्या धाकट्या दिरानं, लालासाहेबानं, गाड्या धुवायचं काम सुरू केलं होतं. ट्रकांच्या आवाजात त्याचा पंप घरापर्यंत कधी ऐकूच यायचा नाही. लालासाहेब एका जीपवर पाण्याचा फवारा मारत होता. वायरीचं विचारल्यावर त्यानं पंप बंद केला.

"दादांनीच वडून दिली की वैनी. आमच्या लाईनीवर पंप उचलत न्हाई," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडं बघून जरा चाचरला. "तुमास्नी बोललं न्हाईत व्हय?"

नाथाजी जेवून अंगणात बसला होता. ती समोर उभी राहिली.

"तुमास्नी म्हाईत हुतं."

त्यानं नाकारलं नाही. "धाकटा हाय. आयुष्यात पयल्यांदा कायतरी धड करतोय. त्याला न्हाई म्हणू?"

"मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस? जावाजावांत लागलं असतं."

"दोनदा सांगलीला गेले मी ते वझं घिऊन. तुमी स्टँडवर सोडाय आलावता."

"मग? येवढं जड, तुला एकटीला उचलाय लावू व्हय?" नाथाजी म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं की यात आपलं काही चुकलं नाही.

तिनं बनुबाईकडं बसून काम करीन म्हटलं. त्यावर तो ताठ झाला. वायरमनच्या बायकोला लाईटसाठी दुसऱ्याच्या घरी जावं लागतं, हे गावात ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काढतो वायर. आत्ता काढतो. उद्यापास्नं भाऊ माज्या दारात यायचा न्हाई. तू म्हण फकस्त. काढू का?"

त्यानं पक्कड हातात घेतली होती. विजयमाला त्या पक्कडीकडं बघत राहिली. या घरात भावाभावांत फाटलं की कुणाचं नाव निघतं, ते तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. ती वळून आत गेली. नाथाजीनं पक्कड पुन्हा खिशात टाकली.

संध्याकाळी तिनं ज्योतिबांना फोन लावला. स्मरणिका दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली. त्यांनी कारण विचारलं. लाईटचं सांगावं तर नवऱ्याचं सांगावं लागणार, दिराचं सांगावं लागणार.

"डोळ्यांनी दिसंना झालंय," ती म्हणाली.

ज्योतिबा हळहळले. मिरजेच्या एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता त्यांनी सावकाश, दोनदा सांगितला. तिनंही तो लिहून घेतल्यासारखं केलं.

नाथाजी उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा मोकळा झाला. रात्री जेवायला आलेल्या भावाला तो म्हणाला, "हिचं डोळं दावाय पायजेत कुठंतरी. लय टायपिंग केलं."

दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेनं गाजरं पाठवून दिली.