शिकंज्यातली माशी

मित्रांनो, टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना शिकंजा आहे. माझ्या पोलादी जबड्यात गळ धरायचा आणि त्यावर मासे भुलवणारी खोटी माशी बांधायची, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

मला घडवले दादाने. तो कारखान्यात लेथ चालवायचा. उरल्यासुरल्या पोलादातून त्याने मला कातले, कानशीने घासले आणि धाकट्या बहिणीपुढे ठेवले. दादाला तळ्यातले बास जातीचे मासे पकडायचे भारी वेड. पण बोटे अशी जाडजूड, की दोरा हातात घेतला की तुटलाच! बहीण शिवणकाम करणारी. ती सशाच्या कातड्याची केसाळ पट्टी घेई, थोडी शेपटीसारखी मोकळी सोडी, उरलेली गळाभोवती गुंडाळी आणि दोऱ्याने करकचून बांधी. कोरडी माशी पिंजलेल्या कापसासारखी दिसे. पाण्याच्या पेल्यात सोडली, की केस अंगाला चिकटून बसत आणि शेपटी वळवळू लागे.

दादा पेल्यात डोकावून म्हणे, "बरी आहे."

"नुसती बरी? तोंड भरून कौतुक केलंस तर जीभ झिजेल का रे?"

"तोंड भरायचं काम माशाचं, चिमणे!"

दोघे हसत. मलाही आपण घरातलेच कुणी आहोत असे वाटे.

मग दादा विसरू लागला. आधी किल्ल्या, मग घरचा रस्ता. एकदा तो तळ्यात कंबरभर पाण्यात नुसताच उभा असलेला लोकांना सापडला. डॉक्टर म्हणाले, हे आता बरे व्हायचे नाही. बहिणीने त्याचे तळ्यावर जाणे बंद केले. तरी तो रोज विचारी, "आज जायचं ना?"

"माशी झाली की जाऊ," ती म्हणे आणि मला कामाला जुंपे. तो शेजारी बसून तिची बोटे बघत राही.

एका सकाळी तिने फार सुरेख माशी बांधली. पेल्यात सोडताच शेपटी वळवळली. दादा किंचाळत उठला आणि त्याने पेला भिंतीवर भिरकावला.

"किडा! पाण्यात किडा आहे!"

"दादा, आपली माशी रे ती. मीच बांधलीय."

तो मागे सरकला. "तुम्ही कोण, बाई? माझ्या बहिणीला बोलवा. तिच्यासारखी माशी कुण्णाला बांधता येत नाही."

ती खाली बसून काचा वेचत राहिली. काही वेळाने तिने माझा स्क्रू सैल केला आणि मला खणात टाकले.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझे आटे गंजले, जबडा उघडत नाही. मला बाहेर काढा, असे माझे मागणे नाही. आता कुणासाठी काढायचे? मागणे एवढेच, की मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असे हरवत चालले, तर त्याला खरेखोटे पटवत बसू नका. तिनेही ते सोडून दिले आहे. खणाच्या फटीतून मला रोज ऐकू येते.

"आली का हो माझी बहीण?" दादा विचारतो.

"निघालीय. वाटेत आहे," ती सांगते. "तोवर तुम्ही दोन घास खाऊन घ्या बघू."