अर्ध्या प्रश्नाचं उत्तर

ग्रंथपालबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती उपांत्य फेरीत, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या असताना. निवेदकाने प्रश्न वाचायला नुकतीच सुरुवात केली होती, "आठ हातांच्या या समुद्री प्राण्याला..." आणि बझर वाजला. बझरवरचा हात बाईंच्याच लेकीचा होता.

"तीन," ती म्हणाली. "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी केला नाही. प्रश्न त्यांनीच काढलेला होता आणि 'हृदय' हा शब्द अजून निवेदकाच्या तोंडातही आला नव्हता. थोड्या वेळाने "सूर्यमालेतला आपल्या शेजारचा हा ग्रह..." एवढ्यावर पुन्हा बझर. "शुक्र. त्याचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो." बाईंनी पर्समध्ये हात घातला आणि घरच्या टेबलाच्या खणाची किल्ली चाचपून पाहिली. किल्ली होती. पुढच्या प्रत्येक बझरला त्यांनी ती पुन्हा पुन्हा चाचपली.

हुशार मुलांसाठी शनिवारचा एक जादा वर्ग वाचनालयातच भरायचा आणि त्यातले निवडक तिघे दरवर्षी या आंतरशालेय स्पर्धेला जायचे. प्रश्न काढण्याचं काम बाईंकडे कितीतरी वर्षांपासून होतं. यंदा लेकीचीच निवड झाली तेव्हा बाई स्पर्धाप्रमुखांकडे जाऊन म्हणाल्या होत्या, "सर, मी बाजूला होते." सर हसले होते. "बाई, तुमच्या पोटातलं ओठावर येत नाही, हे आम्हाला माहीत नाही का? काढा तुम्हीच." त्या विश्वासाचं ओझं घेऊन बाई दोन महिने घरात वावरत होत्या. प्रश्नांचा कागद खणात, खणाला कुलूप, किल्ली पर्समध्ये, पर्स उशाशी. आणि तरीही उत्तरं अर्ध्या प्रश्नाला येत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

लेकीला घरात मुंगी म्हणत. अंगाने बारीक आणि सदा कशाच्या तरी मागे लागलेली. आजवर तिने कुणाची खडूची कांडीसुद्धा न विचारता घेतली नव्हती. पण संशय एकदा शिरला की असली प्रमाणपत्रं बघत बसत नाही. बाईंनी आपल्या डोक्यावरचा एक लांब केस खणाच्या फटीत अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर केस जागच्या जागी. कुणीही शहाणं माणूस यावर निवांत झालं असतं. बाईंनी विचार केला, पोरगी आपली आहे, केस परत लावून ठेवण्याएवढी अक्कल तिला नक्की असणार.

मग त्यांनी शेवटचा डाव टाकला. अंतिम फेरी उपांत्य फेरीनंतर आठवड्याने होती. तिच्या आदल्या दिवशी दुपारी वाचनालयातच बसून सगळेच्या सगळे प्रश्न नवे काढले, पाकीट बंद करून सरांच्या हातात दिलं आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही. खणात जुनाच कागद राहिला. उद्या मुंगी अडखळली की चोरी सिद्ध. आणि सिद्ध झाली तर लेकीला हाताला धरून सरांपुढे उभं करायचं, आपलं काम जाईल ते जाईल, हेही ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याला शंका यायच्या त्या नेमक्या जेवताना.

"अगं, मला सांग, मृगजळ चष्म्यातूनही दिसतं का गं?"

"पाणी आणते," म्हणत बाई उठल्या. मुंगीने मान वर करून आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

अंतिम फेरीत पहिलाच प्रश्न आला, "भर उन्हात डांबरी रस्त्यावर लांब..." मुंगीचा हात उचलला गेला. बाईंचा हात पर्समध्ये गेला. आणि मुंगीचा हात हवेतच थांबला, मग सावकाश मांडीवर आला. त्यानंतर ती फेरीभर हाताची घडी, तोंडावर बोट अशी बसून राहिली. तिचे दोघे जोडीदार, बुद्धिबळ खेळणारा मुलगा आणि दातांना तारा लावलेली मुलगी, आपापल्या परीने झगडले. पण उत्तरांसाठी ती दोघं वर्षभर मुंगीवरच विसंबलेली होती. तिघंही हरली.

"दगड झाली होतीस का?" बाहेर आल्यावर बुद्धिबळवाला म्हणाला.

सापडली, असं बाईंना वाटलं. आणि आपला अंदाज खरा ठरल्याचं समाधानही क्षणभर वाटलं, याची त्यांना पुढे फार लाज वाटली. त्यांनी मुंगीला शेजारच्या रिकाम्या वर्गात नेलं.

"मुंगे, खणातला कागद कधी बघितलास?"

"कसला कागद?"

"आव आणू नकोस. काल मी सगळे प्रश्न बदलले, आणि आज तुझी दातखीळ बसली."

मुंगी बाकाच्या कडेला टेकली. "काल बदललेस ना? वाटलंच मला. म्हणून मृगजळ आलं."

"म्हणजे?"

"काल बाबांनी विचारलं आणि तू पाणी आणायला उठलीस. बाटली टेबलावर भरलेली होती, आई. ऑक्टोपसला हृदयं किती, विचारलं तेव्हा पण उठलीस. शुक्राचा दिवस केवढा, विचारलं तर बाबांना म्हणालीस, आधी जेवून घ्या. एरवी तुला कुणी काही विचारलं की आमचं जेवण गार होईपर्यंत तू बोलतेस. दोन महिने तू ज्याच्यावर गप्प बसलीस, ते मी वाचून ठेवलं. ही चोरी आहे का? मला खरंच माहीत नाही."

बाईंनाही माहीत नव्हतं. घरातला कुठलाही खण न उघडता पोरीने आईचं तोंड वाचलं होतं, आणि ते इतकं करकचून बंद केलं होतं म्हणूनच तिला वाचता आलं होतं.

"मग आज का नाही दाबलास बझर?"

"मागच्या वेळी मी बझर दाबला की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि तू पर्समध्ये हात घालून किल्ली आहे का बघायचीस. मला स्टेजवरून दिसत होतं. आज पण घातलास. मग मला नाही दाबावंसं वाटलं. एकदाही नाही."

बाई तिथेच बाकावर बसल्या. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. मग मुंगीचा हात धरून त्या सरांच्या खोलीत गेल्या. ठरवलं होतं तसंच, फक्त गुन्हेगार बदलला होता. मुंगीचे दोघे जोडीदार दारातच उभे होते. त्यांनाही बाईंनी आत बोलावलं.

"सर, माझे प्रश्न फुटले. मीच फोडले." आणि त्यांनी जेवणाच्या टेबलापासून पर्समधल्या किल्लीपर्यंत सगळं सांगितलं. "आज ही गप्प बसली ती माझ्यामुळे. मी हिला चोर समजत होते, आणि तिला ते कळलं होतं. पुढच्या वर्षीपासून प्रश्न दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. उपांत्य फेरीचं काय करायचं ते समिती बघेल, म्हणाले.

"म्हणजे हिला आज उत्तरं येत होती?" बुद्धिबळवाल्याने विचारलं.

"सगळी," मुंगी म्हणाली.

"आम्हाला येत नव्हती," तो म्हणाला आणि निघून गेला. तारावाली मुलगी मात्र मुंगीचं दप्तर उचलून तिच्याबरोबर फाटकापर्यंत आली.

घरी चष्मेवाल्याला हकिगत समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर काय बोलावं ते कळेना. त्यामुळे जेवायला बसल्यावर त्याने आपल्याला येत होतं तेच केलं.

"काय गं, वटवाघूळ उलटं झोपतं, मग पडत कसं नाही?"

बाई सवयीने खुर्ची मागे सारून उठल्या.

"बाटली भरलेली आहे, आई," मुंगी म्हणाली.

बाई पुन्हा बसल्या. घसा साफ केला. "वटवाघळाच्या पायांची बोटं..."

टेबलावर थाप पडली. मुंगीचा तळहात होता तो. "अंगाच्या वजनानेच आवळली जातात."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्याभराने उशिरा होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.