चारशे बाराच्या मागे

ये रिगो, बस. ती खुर्ची नको, डुगडुगते. दुसरी घे. कॉफी टाकलीय, ती वर येईपर्यंत तुला कालपासूनचा एक किस्सा सांगतो. मधे मधे हसू येईल तुला, हस खुशाल. माझ्यात काही हसायची ताकद राहिली नाही.

कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर बघ. साखर कारखाना बंद पडला तेव्हा ऑफिसातलं भंगार वाटलं, त्यात मला मिळाला. मी तिथला वायरमन, नववीत शाळा सोडलेला, पण हा डबा मी उभा केला. त्याला स्वतःचं वायफाय नाही. म्हणून ती यूएसबीची कांडी, अंगठ्याएवढी. पनामाहून सामान आणणाऱ्या एका बाईकडून घेतली. कॉम्प्युटरची मागची भोकं वीज कडाडली तेव्हा मेली. पुढचं एक जिवंत आहे, तेही अशक्त. त्यातून लांब वायर काढली, कांडी खिडकीबाहेर झाडूच्या दांड्याला बांधली आणि तिच्यामागं लोखंडी चाळण लावली. समोरच्या पार्कातलं वायफाय चाळणीत अडकतं आणि घरात येतं. येतं म्हणजे, त्याच्या मनात आलं तर. कांडी तापली की हिरवा दिवा जातो. मग काढा, फुंका, परत घाला. कॉम्प्युटर म्हणतो, ही कोण, मी ओळखत नाही. मग तो बंद करून चालू करा. अकरा मिनिटं जातात. चार वर्षं झाली, रोज हेच.

आता नेरेइदा. भिंतीपलीकडं राहते, कारखान्याच्या खानावळीत तीस वर्षं भात शिजवला तिनं. तिचा पोरगा दायरॉन हवानात असतो. शुक्रवारी दुपारी विमानात बसून चिलीला चाललाय, कामाला. परत कधी येणार, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिला फक्त तो जायच्या आधी त्याला भेटायचंय. गुरुवारची बस मिळाली तर जमतं. आणि बसच्या जागा यंदापासून कॉम्प्युटरवर. तिच्याकडं फोन नाही, माझ्याची काच गेलीय. राहिली ही कांडी.

काल सकाळी दहाला पान उघडलं. त्यावर लिहिलेलं, तुमच्या पुढे चारशे बारा जण आहेत, थांबा.

"शेवटचा कोण?" नेरेइदानं विचारलं.

"आता तूच की."

"ते झालं. पण मी कोणाच्या मागं? बाई आहे का बाप्या?"

"अगं आकडा आहे तो. आकड्याला तोंड असतं का?"

"मग मधे कोणी घुसला तर मी साक्षीला कोणाला बोलावू, एवेलियो?"

मला पटलं. आपली रांग कशी असते? आलास, शेवटचा कोण विचारलंस, त्याचं तोंड ध्यानात ठेवलंस, की सुटलास. घरी जा, अंघोळ कर, जेवून ये, जागा जाग्यावर. तू तर डिझेलच्या रांगेत नंबर सांगून सावलीत झोपतोस आणि कोणी तुला हलवत नाही.

तर मीच म्हणलो, "नंबर लागला तुझा. जा, राजमा चढव. तासाभरानं ये." आणि मी खाली एकाचा पंखा दुरुस्त करायला गेलो.

परत येऊन बघतो तर हिरवा दिवा गेलेला. पान गेलेलं. काढलं, फुंकलं, घातलं, अकरा मिनिटं. नवा आकडा आला, पुढे दोन हजार एकशे सहा.

नेरेइदा ओले हात झग्याला पुसत उभी. म्हणाली, "पण आपण सांगून गेलो होतो ना?"

"कोणाला?"

तिनं कॉम्प्युटरकडं बोट केलं.

मग मी त्याच्या पोटात शिरलो. सहा खिडक्या उघडल्यावर आत एक बारीक चौकोन सापडला, त्यात बरोबरची खूण. लिहिलंय, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी आहे. म्हणजे माउस थोडा वेळ हलला नाही की हा समजतो, माणूस गेला, आणि कांडी झोपवतो. या अख्ख्या बेटावर वीज वाचवायची अक्कल फक्त त्या डब्याला आली, रिगो. ती खूण मी काढली. चार वर्षं मी चाळणीला शिव्या देत होतो.

त्यात कालचा दिवस गेला. आज सकाळी परत नंबर लावून दोघं बसलो. मी माउसवरचा हात काढला नाही, लघवीला गेलो तर तिला धरायला लावला. एरवी ती खिडकीशी उभी राहून पुठ्ठ्यानं कांडीला वारा घालत होती. वायफायची तासातासाची विकतची कार्डं, एक संपायच्या आत दुसऱ्याचा नंबर खरवडून ठेवायचा. आकडा उतरत गेला. दीड वाजता तीस. मग तीन. मग एक. पान उघडलं.

गुरुवारची बस भरली. पुढची शनिवारी.

नेरेइदानं वाचायला सांगितलं, मी वाचलं. ती थोडा वेळ वारा घालतच राहिली.

"शनिवारी तो तिकडं जेवत असेल," म्हणाली. मग, "काढ ती कांडी, तापली असेल."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काल जा म्हणणारा मी. चारशे बाराच्या मागं बसून राहिलो असतो तर आत्ता तिकीट तिच्या हातात असतं.

घे, कॉफी घे. साखर टाकलीय.

रिगो, उद्या गुरुवारी पहाटे तू टोमॅटोचा ट्रक घेऊन हवानाला निघतोयस. तुझ्या शेजारची सीट रिकामी असते. तिला बसव. मागं पेट्यांवर नको, तिची कंबर गेलीय. वाटेत फार बोलणार नाही ती, आणि बोललीच तर दायरॉनचंच बोलेल, ते ऐकून घे. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, तू नाही म्हणालास तर तिला कळायचं पण नाही. पण हो म्हण. तू हो म्हणालास की मी लगेच जाऊन भिंत ठोकतो.