चिमीचं वजन

मंगळवार, सकाळचे दहा. वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर. आचाऱ्याने माझ्या पारड्यात धुतलेला मऊ पंचा अंथरला होता. चिमी आली नाही.

मी तान्ह्या बाळांचं वजन करणारा काटा बोलतोय. या वृद्धाश्रमाच्या जागी आधी प्रसूतिगृह होतं. तेव्हा मला क्षणाची फुरसत नसे. माझ्या थंड पत्र्यावर टेकवताच पोरं टाहो फोडत, आणि दाराआडून बाप विचारत, "किती भरलं?" जणू सगळे कष्ट त्यांनीच घेतले होते.

पुढे गावात बाळंच जन्मेनाशी झाली. तरुण कामासाठी निघून गेले; उरले त्यांना एक मूलही झेपेना. प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. त्याच खोल्यांत म्हाताऱ्यांच्या खाटा आल्या, आणि मी बटाटे तोलू लागलो.

खाटा भरल्या, पण माणसांना उठवायला हात मिळेनात. तेव्हा परदेशातून एक सेविका आली. भाषा मोडकीतोडकी, पण वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना नाश्त्याआधी आंघोळ घालून खुर्चीत बसवायची. मागाहून तिच्याच कामाच्या परवान्यावर नवरा आला. मग त्यांना चिमी झाली.

प्रसूतिगृहातल्या माझ्या जुन्या मेट्रनबाई आता इथेच राहतात. त्यांनी मला मागवलं.

"आधी बटाटे काढ, मग पोरीला ठेव."

"बाई, काटा म्हातारा झालाय. बटाट्यांतही लबाडी करतो," आचारी म्हणाला.

"लबाडी तो नाही करत."

दर मंगळवारी माझ्याभोवती खुर्च्यांचा घोळका जमू लागला. गिरणीतले जुने फोरमनकाका म्हणत, "माझ्या नातीपेक्षा वजनदार आहे."

"तुम्हाला नात कुठे आहे?"

"म्हणूनच म्हणतो."

चिमी आली नाही, त्याच्या आदल्या मंगळवारी माझी सुई आधीच्या आकड्यापर्यंत पोचलीच नाही. चिमीचं वजन घटलं होतं. आईचं दूध आटलं होतं. परवाना वाढवून मिळणार नाही, असं तिला कळवलं होतं. कारण कामात खंड पडला.

"खंड कसला? बाळंतपणाचा?" मेट्रनबाईंनी व्यवस्थापकांना विचारलं.

"नियम तसा आहे, बाई."

"आणि देशाला माणसं हवीत, म्हणून रोज रेडिओवर कोण ओरडतं?"

व्यवस्थापक चष्मा पुसत राहिले. बाई आईकडे वळल्या. "वरचं दूध सुरू कर, पोरी. पुढच्या मंगळवारी बघू."

परवाना संपला म्हणून रविवारीच तिघांना गाडीत बसवून सीमेकडे नेलं.

आता वरचा मजला दुपारपर्यंत खाटांवरच असतो. मेट्रनबाईसुद्धा. देशाची आर्थिक ताकद मोजणाऱ्यांकडे माझ्याहून मोठे काटे असतील. त्यांच्या पारड्यात ही सकाळ कुठे ठेवतात, त्यांनाच ठाऊक.

आचारी हल्ली बटाटे अंदाजानेच घेतो. पंचा तसाच आहे. चिमी कुणाला भेटली, तर तिला जवळच्या कुठल्याही काट्यावर ठेवा. तिचं वजन वाढलं का, हे मेट्रनबाई रोज विचारतात. अजून कुणीही सांगितलेलं नाही.