बागेच्या जागेवरचा बाजार

वसाहत इतक्या घाईने उभी राहिली होती की इमारती आधी आल्या आणि बाकी सगळं मागून यायचं राहून गेलं. रस्ता अर्धवट, खांब होते तर दिवे नव्हते, आणि भाजी म्हणाल तर दोन बस बदलून जुन्या शहरातून आणायची. घरी पोचेपर्यंत पालक अशी मान टाकायचा की त्याला चिरावं की आधी पाणी पाजावं, असा प्रश्न पडे.

तिथल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान होतं. पडदे, उशांचे अभ्रे, पँटी आखूड करणं, तुटलेल्या चेनी बदलणं. दुकान चालवणारीला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा बसवर ड्रायव्हर होता आणि नवऱ्याची थोरली बहीण शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे, शेती करायची. वहिनी तिला वन्सं म्हणे. ते ऐकून ऐकून ज्यांचा तिच्याशी नात्याचा धागासुद्धा नव्हता, असे शेजारीपाजारीही तिला वन्संच म्हणायला लागले होते.

केस पांढरे व्हायला आले तरी वहिनी या नणंदेला बिचकून असायची. वन्सं मनाच्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. लग्नानंतर वहिनीने हौसेने शिवलेला सदरा त्यांनी उलटसुलट करून पाहिला होता आणि चारचौघांत सांगितलं होतं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्यात. ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

एकदा वन्सं भावाकडे आल्या त्या घरच्या टोमॅटोंनी, काकड्यांनी आणि पालकाच्या जुड्यांनी फुगलेल्या दोन पिशव्या घेऊन. पिशव्या दुकानाच्या दारात टेकवून त्या पाणी प्यायला आत गेल्या. बाहेर येतात तो पिशव्या रिकाम्या आणि शेजारणी हातात पाकिटं घेऊन उभ्या. त्यांना वाटलं होतं, विकायला आणलंय. वहिनी ओशाळली. वन्सं मात्र पोट धरून हसल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या की गावातली कितीतरी घरं असाच माल पिकवतात, व्यापारी तो उचलून नेतो, पण पुढे तो कोणाच्या ताटात पडतो हे गावाला कधी कळतही नाही.

"तू जागा बघ," त्या म्हणाल्या. "माणसं मी आणते."

जागा होती. दोन इमारतींच्या मधे बागेसाठी राखलेला तुकडा होता. बाग नकाशात होती. प्रत्यक्षात तिथे कंबरभर गवत आणि उरलेल्या विटांचे ढीग होते. परवानगीसाठी वहिनीने पालिकेच्या कार्यालयात इतके हेलपाटे घातले की तिथल्या शिपायाने जाता-येता तिच्याकडून स्वतःच्या दोन पँटी आखूड करून घेतल्या. शनिवारच्या सकाळपुरती परवानगी मिळाली. तरी मोठी धोंड पुढेच होती, ती म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. त्यांना सगळे कर्नल म्हणत. आयुष्यात त्यांनी बंदूक धरली नव्हती, विमा कंपनीतून ते निवृत्त झाले होते. पण मिशा तशा होत्या आणि बोलणंही तसंच. माशा होतील, कचरा होईल, गाड्या कुठे लावायच्या, असा त्यांनी पाढाच वाचला. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की झाडू घेऊन मी स्वतः उभी राहीन. अखेर ते एका शनिवारला कबूल झाले. दुपारी जमीन स्वच्छ दिसली नाही, तर दुसरा शनिवार नाही.

त्यानंतर वहिनीने जीव तोडून काम केलं. नवऱ्याने रजा टाकून गवत कापलं, शेजाऱ्यांनी विटा हलवल्या. उरलेल्या पडद्याच्या कापडावर तिने मोठी अक्षरं शिवली आणि तो फलक कुंपणाला बांधला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती माप घेता घेता शनिवारची आठवण करून देई, आणि मापाची टेप गळ्याभोवती असताना नाही कोण म्हणणार.

शनिवार नेमका वाईट आठवड्यात आला. रस्ता खोदणाऱ्यांनी मोठी पाइपलाइन फोडली होती आणि दोन दिवस वसाहतीत थेंबभर पाणी नव्हतं. पण वहिनीचं तिकडे लक्ष कुठलं? उजाडायच्या आत ती मैदानावर हजर होती. वन्संचा टेम्पो आला, मागोमाग आणखी दोन आले. लग्नकार्यात भाड्याने देतात तसली टेबलं मांडली गेली. टोमॅटो, कोबी, भोपळे, पालक, अंड्यांचे ट्रे, मधाच्या बाटल्या. सगळं इतकं देखणं दिसत होतं की वहिनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन तिथून पाहून आली.

आणि कोणीच आलं नाही.

ऊन इमारतीवरून खाली उतरलं, टेबलांवर आलं. फाटकातून एक कुत्रं आत आलं, भोपळ्यांचा वास घेऊन निघून गेलं. गावाकडची माणसं आधी उत्साहाने उभी होती, ती हळूहळू खोक्यांवर बसली. पालक मलूल व्हायला लागला. या माणसांनी पहाटे अंधारात भाजी तोडली होती, ती तिच्या शब्दावर. आता वन्सं काय बोलतील? पण वन्सं नुसत्या खोक्यावर बसून फाटकाकडे बघत होत्या, आणि ते बोलण्यापेक्षा भयंकर होतं.

शेवटी वहिनीच त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"वन्सं, माझंच चुकलं. लोक तोंडावर हो म्हणाले आणि मी विश्वास ठेवला."

वन्संनी हातातली काकडी उगाच पुसली. "तुझं काय चुकलं? गावात घरोघरी जाऊन मी सांगितलंय, माझी भावजय आहे तिथे, ती हातात घेते ते तडीला नेते. काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. मला वाटत होतं, माणसं नाही आली तर तू कोलमडशील, आणि तुला हे मी करायला लावलं."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या बाईलाही भीती वाटत असेल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आणि भावजयीचं असं कौतुक त्या गावभर करतात, हेही तिला नवीनच होतं.

"नाही आली माणसं तर सगळं परत नेऊ," वन्सं म्हणाल्या. "टेम्पोला काय, तो आला तसा जाईल."

एवढ्यात फाटकातून वहिनीचा नवरा धावत आला. शर्ट चिंब भिजलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात प्लास्टिकचा मग तसाच राहिलेला.

"पाणी आलंय," तो धापा टाकत म्हणाला. "सकाळपासून. सगळी वसाहत पिंपं भरतेय. कधी जाईल याचा नेम नाही म्हणून कोणी नळ सोडायला तयार नाही."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. तिला कोणी टाळलं नव्हतं. लोक बादल्या भरत होते, बस्स.

आणि मग पिंपं भरली असावीत. आधी समोरच्या इमारतीतल्या सासूसुना आल्या, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. त्यांच्यामागे शाळेतल्या बाई, रिक्षावाला, बाळाला कडेवर घेतलेला एक तरुण बाप. दोन दिवसांनी अंघोळ झालेली माणसं फार खुशीत असतात. कोणाला घाई नव्हती. भोपळा कसा ओळखायचा, अंडी कोणत्या कोंबड्यांची, मध कशाच्या फुलांचा, असे प्रश्न सुरू झाले आणि गावाकडची माणसं, जी मघापर्यंत गप्प होती, ती बोलताना थांबेनात. मधवाल्याने तर एका आजोबांना मधमाशांची सगळी वंशावळ सांगितली.

गर्दीतून कर्नल आले ते थेट पालकाच्या टेबलाशी. वहिनीने झाडू घट्ट धरला. त्यांनी मलूल जुडी उचलली, कपाळाला आठ्या घातल्या आणि तसेच वळले. आता संपलं, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने ते सोसायटीच्या गाड्या धुवायचा पाइप ओढत परत आले. त्याचं तोंड अंगठ्याने दाबून त्यांनी पालकावर बारीक तुषार सोडला, मग कोथिंबिरीवर, मग अनवधानाने वन्संवर.

"माफ करा," ते गडबडून म्हणाले.

"मी नाही मलूल झालेली," वन्सं पदर झटकत म्हणाल्या. आजूबाजूचे सगळे हसले आणि मिशांखाली कर्नलही हसले असावेत.

दुपारी टेबलं रिकामी झाली. वहिनीने झाडायला घेतलं तर वन्सं, मधवाला, रिक्षावाला, सगळेच वाकले. कर्नल मागे हात बांधून एक फेरी मारून आले आणि म्हणाले की पुढच्या वेळी गाड्या मागच्या बाजूला लावायला सांगतो. पुढच्या वेळी, असं ते म्हणाले. वहिनीने आणि वन्संनी एकमेकींकडे पाहिलं.

टेम्पो भरेपर्यंत वन्सं दुकानात येऊन बसल्या. वहिनी पडद्याच्या कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली. पाय ठणकत होते, पण छातीवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं होतं. वन्सं बोलत होत्या, पुढच्या खेपेला पालक ओल्या गोणपाटात आणायचा, भोपळे जास्त आणायचे, गावातल्या आणखी कोणाकोणाला विचारायचं. वहिनी हं, हं म्हणत होती. मग तिचा हुंकार यायचा थांबला.

वन्संनी वळून पाहिलं. ती बसल्या जागीच झोपली होती, तोंड किंचित उघडं. तोंडावर ऊन येत होतं. वन्सं उठल्या, त्यांनी आवाज न करता शटर अर्ध्यावर ओढलं आणि बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला खूण केली की हॉर्न वाजवू नकोस.