वडजाईच्या थांब्यावरची घडवंची

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. तीन पायऱ्यांची, बाभळीच्या लाकडाची. तुमच्या घरी माझ्यासारख्या घडवंचीवर चढून कुणी फळीवरचे डबे काढत असेल, कुणी कंदिलाची वात नीट करत असेल. मी मात्र माणसांना आगगाडीत चढवले.

पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी, वडजाई नावाचे माझे गाव. गावाला धड स्टेशन नव्हते, नुसता थांबा होता. पत्र्याची एक खोली, एक चिंचेचे झाड आणि रुळांच्या कडेला पसरलेली खडी. फलाट नव्हता. त्यामुळे गाडी उभी राहिली की डब्याची खालची पायरी बायकांच्या कमरेला लागायची. पुरुष दांडा धरून कसेबसे चढत. बायका आधी भाजीच्या पाट्या आत सारत, मग आतल्या लोकांनी त्यांना दंडाला धरून वर ओढायचे. जणू धान्याची पोतीच.

एका बाजाराच्या दिवशी तानुबाईचा पाय निसटला. ती खडीवर पडली, कोपर मोडले. तिची वांग्यांची पाटी मिरजेला गेली आणि ती मागेच राहिली. तिच्याबरोबर भाजी विकणारी हरणाबाई माळी ही पुढच्या डब्यात होती. तिने धावत्या गाडीतून उडी टाकली, तानुबाईला पाठीवर घेऊन वैद्याकडे नेले आणि तिथून थेट नाथाजी सुताराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"नाथाजीदादा, गाडी काय खाली वाकत न्हाई. आपुनच उंच हुया. मला एक घडवंची करून दे."

नाथाजीने बांधावरची वठलेली बाभूळ तोडली आणि मला घडवले. खडीत रुतू नये म्हणून माझे पाय फाकवून बसवले. वरच्या पायरीला कडेने पट्टी ठोकली, म्हणजे ओले पाय घसरायचे नाहीत. मी तयार झाले तेव्हा सगळ्यांत आधी तानुबाईच माझ्यावर चढली, झोळीत बांधलेला हात सांभाळत. वरून ती म्हणाली, "आगं बया, हितनं माजं घर दिसतंय की!"

माझे पहिले दिवस फार सुखाचे गेले. थांब्यावर ज्ञानू नावाचा हमाल होता. गाडी आली की तो मला डब्याला लावी आणि शेवटचे माणूस चढले की मला ओढून चिंचेखाली ठेवी. माझ्यावर पाय ठेवून नव्या नवऱ्या सासरी गेल्या, आजारी माणसे मिरजेच्या दवाखान्यात गेली, पोरे परीक्षेला गेली. गार्डसाहेब मला हटवल्याशिवाय शिट्टी फुंकत नसत. "वडजाईला फलाट नाही, पण थाट आहे," असे ते म्हणत आणि मला भरून येई.

हरणाबाईचा नवरा बाळासो पलटणीत भरती झाला, तोही माझ्यावरूनच गेला. ट्रंक वर देऊन तो वरच्या पायरीवर क्षणभर थांबला. हरणाबाई खालून बघत होती. त्याच्या नव्या बुटांचा भार मला अजून आठवतो.

लढाई पेटली. कोळशाची टंचाई आली, गाड्या कमी झाल्या आणि एके दिवशी हुकूम आला की वडजाईला गाडी थांबणार नाही. ज्ञानूची बदली झाली. खोलीला कुलूप लागले. हरणाबाईने मला घरी नेले आणि माझ्यावर पाण्याच्या घागरी मांडल्या. घागरी उतरतात, चढतात, पण कुठे जात नाहीत. रोज सकाळी गाडीची शिट्टी ऐकू यायची. गाडी धडधडत निघून जायची आणि माझ्यावरच्या घागरीतले पाणी थरथरायचे.

भाजीवाल्या बायका आता डोक्यावर पाट्या घेऊन पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊ लागल्या. काहींनी बाजार सोडला. तक्रार कुणी केली नाही. लढाई आहे, संपली की थांबेल गाडी, असे सगळे म्हणत. लढाई संपली. गाडी थांबली नाही.

आणि त्याच सुमारास बाळासो परत आला. त्याच्या मांडीत गोळी लागली होती. मिरजेला उतरून दवाखाना गाठण्याआधी त्याला घरी यायचे होते. पण गाडी वडजाईवरून तशीच पुढे निघाली. त्याला खिडकीतून आपले छप्पर दिसले, परड्यात शेण थापणारी हरणाबाई दिसली. त्याने हाका मारल्या. चाकांच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जाणार? पुढच्या स्टेशनावर उतरून, एका ओळखीच्या बैलगाडीत पडून, तो दिवस कलताना घरी पोचला.

उंबऱ्याशी कुबडी टेकवून तो म्हणाला, "हरणे, गाडीनं माजंच घर वलांडलं गं."

त्याला पाणी देताना तिने माझ्यावरची घागर उचलली. मग ती खाली ठेवून म्हणाली, "पुन्यांदा वलांडू द्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरली. शाळेतल्या मधू गुरुजींनी अर्ज लिहिला, साऱ्या गावाने अंगठे उठवले. एका अर्जाने काही झाले नाही, दुसऱ्यानेही नाही. तिसऱ्याला उत्तर आले: थांबा कायमचा मोडण्याचा विचार आहे, काही सांगायचे असल्यास येत्या बुधवारी पुण्याच्या कचेरीत हजर राहावे. आणि नेमकी तेव्हाच घाटात दरड कोसळली. पुण्याचा लोहमार्ग बंद झाला.

"आता काय इलाज नाही," गुरुजी म्हणाले. "रस्ता खुला होईपर्यंत बुधवार निघून जाईल."

"मिरजेवरनं पंढरपुराकडची बारकी गाडी जातीया की," हरणाबाई म्हणाली. "तिकडनं वळसा घालून जाऊ. आन् हिलाबी न्यायची." तिने माझ्यावर हात ठेवला.

"अहो हरणाबाई, लोक हसतील!"

"हसूंद्यात की. आवं गुर्जी, कागद वाचून त्या सायबाला डब्याची उंची कळंल व्हय?"

अशी मी हरणाबाई, तानुबाई आणि गुरुजींबरोबर प्रवासाला निघाले! इतरांना चढवणारी मी पहिल्यांदाच डब्यात बसले. म्हणजे उभीच होते. मिरजेहून कुर्डूवाडीला जाणारी ती छोटी गाडी इतकी बुटकी, की तानुबाई नुसता पाय उचलून आत गेली. मला जरा ओशाळल्यासारखे झाले. तिकीट तपासणारा आला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिचं तिकीट?"

हरणाबाई शांतपणे म्हणाली, "ती कुटं बसलीया? उभीच हाय की."

सारा डबा हसला. तिकीट तपासणाराही हसला आणि पुढे गेला. मग कवठ्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ माझ्यावर टेकला आणि तसाच डुलक्या घेऊ लागला. पंढरपूर आले तेव्हा तानुबाई उतरायला निघाली. हरणाबाईने तिचा पदर धरला. "आगं, बुधवार चुकंल." तानुबाईने खिडकीतूनच हात जोडले. "इठोबा, आमी वडजाईचं. येताना बघू," असे म्हणून तिने डोळे पुसले.

कुर्डूवाडीला गाडी बदलून आम्ही पुण्याला पोचलो. हरणाबाईने मला चुंबळीवर घेऊन भर रस्त्यातून नेले. मधू गुरुजी बरेच पुढे चालत होते, आपण बरोबर नाही असे दिसावे म्हणून.

कचेरीतले साहेब वयस्कर आणि शांत होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मला समजतं. पण तुमच्या थांब्यावर गाडी रेंगाळायची. मागून मेल येत असते. एक गाडी अडली की मिरजेपर्यंत सगळ्या अडतात."

साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. हरणाबाईने मला पुढे ओढले आणि साहेबांच्या मेजाला लावले.

"सायेब, ह्यो मेज म्हंजे डबा समजा. तानुबाई, चढ."

आणि काय सांगू मित्रांनो, मोडक्या कोपराची तानुबाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन, धडाधड माझ्या पायऱ्या चढून साहेबांच्या मेजावर जाऊन उभी राहिली! शिपाई ओरडत धावला. कागद उडाले. साहेब खुर्चीतून उठले. आता हे रागावणार, असे वाटून मी घट्ट पाय रोवले. पण त्यांनी तानुबाईला हात दिला आणि म्हणाले, "सावकाश उतरा, आक्का."

मग त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचार केला. "ठीक आहे. सहा महिने बघू. गाडी एकच मिनिट थांबेल. आमचा माणूस तिथं मिळणार नाही. एकदा जरी गाडी तुमच्यापायी खोळंबली, तरी थांबा बंद. मग माझ्याकडे येऊ नका."

परतीच्या वाटेवर मला मधू गुरुजींनी उचलले. कुणाच्या हातात दिलेच नाही.

गावात तालीम सुरू झाली. चिंचेखाली बैलगाडी उभी करायची, तिला मला लावायचे आणि गुरुजींनी तोंडाने शिट्टी घातली की सगळ्यांनी चढायचे. म्हाताऱ्या आधी, पाट्या मग, गडी शेवटी. मोठी गंमत चाले. पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट कुणीतरी बोलून दाखवली. सगळे चढल्यावर घडवंची मागे ओढणार कोण? ती रुळांशी राहिली तर चाकाखाली जाईल, अपघात होईल. आता ज्ञानू नव्हता. जो मला ओढील, तो खाली राहील.

हरणाबाईने पुढे होऊन मला ओढून पाहिले.

"मी वढीन," हरणाबाई म्हणाली.

"आगं, पर तुजा बाजार?" तानुबाईने विचारले.

"माजी पाटी तू ईक."

गाडी पुन्हा पहिल्यांदा थांबायची होती त्या सकाळी सारे गाव रुळांशी जमले. इंजिनाचा वेग कमी होताना मी पाहिला आणि माझे लाकूड शहारले. गाडी उभी राहिली. मला लावले. पावलांमागून पावले माझ्यावरून गेली. सर्वांत शेवटी बाळासो होता, मिरजेला पाय दाखवायला निघालेला. कुबडी वर दिली, हरणाबाईने खांदा लावला, तो चढला. शिट्टी झाली.

दारातून तो म्हणाला, "अगं, तूबी ये. ऱ्हाऊंदे ती."

"आन् चाकात गेली मंजी?" असे म्हणत तिने मला मागे ओढले. गाडी तिच्या नवऱ्याला आणि तिच्या पाटीला घेऊन निघून गेली. ती माझ्या खालच्या पायरीवर बसली. ती हसत होती.

ते सहा महिने ती रोज आली. भर पावसात आली, अंगात ताप असताना आली. एकदा तर ऐन गर्दीत माझी मधली पायरी कडकन मोडली. अजून तिघी खाली होत्या आणि गार्डसाहेबांची शिट्टी ओठांशी गेली होती. हरणाबाईने मला बाजूला लोटले आणि स्वतः एक गुडघा खडीत रोवून बसली. "चढा माज्या मांडीवर!" तिघी तिच्या मांडीवर पाय देऊन चढल्या. गाडी वेळेवर सुटली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होते. त्या दिवशी मला कळले की घडवंची ही काही नुसती लाकडाची नसते.

नाथाजीने मला नवी पायरी बसवली. सहा महिने सरले, गाडी एकदाही खोळंबली नाही आणि थांबा कायम झाला. पुढे देश स्वतंत्र झाला. आणखी दोन उन्हाळे गेले आणि रेल्वेची माणसे दगडमाती घेऊन आली. वडजाईला फलाट झाला! छोटासाच, पण डब्याच्या पायरीला भिडणारा.

नव्या फलाटावर पहिली गाडी आली तेव्हा मी जुन्या जागी, चिंचेखाली होते. सवयीने वाटले, आता कुणीतरी मला उचलील. कुणी आले नाही. म्हाताऱ्या, पोरे, पाट्या सगळे सहज आत जात होते. हरणाबाई फलाटावर नुसती उभी होती. तिचे हात रिकामे होते आणि त्यांचे काय करावे हे तिला कळत नव्हते.

डब्याच्या दारात बाळासो उभा होता. त्याने हात पुढे केला. "ये की. आता कुणाला वढायचं हाय?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्याचा हात धरून, पाऊल उचलून ती आत गेली. इतक्या दिवसांनी ती स्वतः गाडीत बसली होती. गाडी हलली. खिडकीतून तिचा चेहरा दिसला, पोरीसारखा फुललेला. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.

आता माझा एक पाय डुगडुगतो. पावसाने पायऱ्यांना भेगा पडल्या आहेत, कोंबड्या माझ्यावर येऊन बसतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. थोडे वाटते. पण फलाट मोडून मला परत न्या, असे मी कधीच म्हणणार नाही. मित्रांनो, एवढेच मागते. कुठेही चढून वर गेलात, तर जागा पकडायला धावण्याआधी मागे वळून बघा. कुणीतरी अजून खाली असेल. त्याला हात द्या.