जास्तीची कोथिंबीर

मी कुठे आहे, हे आमच्या ह्यांना मोबाइलच्या आवाजावरून कळतं. दूध घेतलं, टिंग. साबण घेतला, टिंग. साथ आली तेव्हा नोटेला हात लावायची सोय राहिली नव्हती, म्हणून ह्यांनी माझ्या फोनला आपलं खातं जोडून दिलं. "बघ किती सोपं! पैसे बाळगायची कटकटच नको," म्हणाले. मीही वेडी, खूश झाले. साथ गेली, मास्क गेले, पण माझ्या पर्समध्ये पुन्हा नोट काही आली नाही.

पूर्वी भाजीच्या पैशांतून थोडे मागे राहायचे. त्यावर मी लेकीला भेटून यायचे. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव टाकलंय. घरात तिचा विषय काढायची चोरी.

आणि आता तिचे दिवस भरत आले होते. मग मी डोकं लढवलं. भाजीवालीला फोनवरून जास्त पैसे द्यायचे, वरचे तिने मला रोख परत करायचे, आणि घरी हिशेबात जास्तीची कोथिंबीर सांगायची. "ताई, नवऱ्याच्या डोळ्यांत चांगली धूळ फेकताय," म्हणून ती हसायची. त्या पैशांवर लेकीकडे दोन फेऱ्या झाल्या. बसवाला अजून रोख घेतो, देव त्याचं भलं करो.

एका संध्याकाळी ह्यांनी विचारलंच. "अगं, एवढ्या पैशांची कोथिंबीर? आपण गुरं पाळलीत का?"

"महागलीय हो."

"तुला फसवतात बाजारात. आणि दमतेस किती! उद्यापासून भाजी घरपोच. मीच मागवत जाईन."

ओरडले असते तर भांडले असते. हे मायेने बोलले, तिथेच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवसापासून भाजी दारात येऊ लागली. ताजी, निवडलेली. ती फ्रीजमध्ये भरताना मला रडू यायचं. बाहेर पडायला निमित्तच उरलं नव्हतं.

मग एका सकाळी जावयाचा फोन आला.

"अहो, थोडे रोख पैसे द्या ना," मी ह्यांना म्हटलं.

"कशाला? सगळं मीच भरतो. तुला काय कमी आहे?"

"लेकीकडे जायचंय. मुलगी झाली तिला."

ह्यांनी मान वर केली नाही. "जा की. मी कुठे अडवतोय? फक्त फोन इथे ठेव. त्या घरापायी माझा पैसा खर्च होणार नाही."

मी फोन टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.

"आणि परत कशी येणार?"

"चालत. नाही तर येणार नाही."

जिना उतरून मी रस्त्यावर आले. लेकीचं घर किती लांब, हे मला आजवर बसच्या तिकिटावरूनच ठाऊक होतं. रस्ता कोणाला विचारावा, याचा विचार करत मी चालू लागले.